फिल्टरचं झाकण उघडून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या तुमच्या उद्योग पुरवणीत तेलकट सांडपाण्यावर अर्धं पान मजकूर होता. वर निळ्या उभ्या टाकीचा फोटो आणि खाली ओळ, ‘फिल्टर बसवा, तेलाची कटकट मिटवा’. लेख तसा वाईट नाही. पण लिहिणाऱ्याने त्या टाकीचं झाकण कधी उघडलेलं नसावं. मी उघडलंय. भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं ईटीपी ऑपरेटर होतो. ईटीपी म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट. गेटातून आत गेल्यावर सगळ्यात शेवटी, सायकल स्टँडच्याही मागे, जिथे पाहुण्यांना नेत नाहीत तिथे तो असतो. कंपनीचं नाव लिहीत नाही. सांगणार आहे ते काही एकाच कंपनीत घडत नाही.

तेल तेल म्हणतात, पण आमच्या टाकीत ते तीन तऱ्हांनी यायचं. पहिलं हायड्रॉलिक प्रेसचं, गिअरबॉक्सचं गळालेलं. हे मिसळीच्या तर्रीसारखं वर तरंगतं, पळीने काढा की निघालं. दुसरं पार्ट धुण्याच्या मशीनमधून यायचं. ते बारीक थेंबांत फुटलेलं असतं, पाणी नुसतं गढूळ दिसतं, रात्रभर ठेवलं तर सकाळी थोडी साय धरते. तिसरं कूलंटचं. शंभर लिटर पाण्यात चार-पाच लिटर सोल्युबल ऑइल घातलं की पाणी दुधासारखं पांढरं होतं. ते लेथवर आणि ग्राइंडिंगवर हत्यार गार ठेवतं. महिना दोन महिन्यांनी त्याला वास सुटतो, मग मशीनवाले ते सोडून देतात आणि ते येतं आमच्याकडे.

लेखात हे तिन्ही एकाच मापाने मोजलेत. खरी गोम इथेच आहे. तेलाचा दीडशे मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब पाण्यात एक मीटर वर यायला पंधरा मिनिटंसुद्धा घेत नाही. थेंब दहापट बारीक झाला की वेग शंभरपट कमी होतो. म्हणजे पंधरा मायक्रॉनच्या थेंबाला तोच एक मीटर चढायला जवळजवळ अख्खा दिवस लागतो. कूलंटमधले थेंब त्याहून कितीतरी बारीक, शिवाय प्रत्येकाभोवती साबणासारख्या रसायनाचं अस्तर, त्यामुळे ते एकमेकांना धरतच नाहीत. ते आपणहून वर येत नाहीत आणि वाळूच्या फिल्टरमधून तर सरळ निघून जातात.

नवीन पोरांना मी हे दुधावरून समजावायचो. दूध गाळण्यातून ओतलं म्हणून गाळण्यात लोणी राहतं का? आधी विरजण लावावं लागतं, मग घुसळावं लागतं, तेव्हा कुठे गोळा वर येतो. कूलंटचंही तसंच आहे. आधी ॲसिड घालून पीएच तीनच्या आसपास आणायचा, तुरटी किंवा पॉली नावाचं गोळा धरवणारं रसायन टाकायचं, मग चुना किंवा कॉस्टिक सोडा घालून पुन्हा वर आणायचा. हे आमचं विरजण. मोठ्या प्लँटमध्ये त्यानंतर दाबाखाली हवा विरघळवलेलं पाणी खालून सोडतात, त्याचे बारीक बुडबुडे तेलाचे फ्लॉक, म्हणजे धरलेले गोळे, वर उचलून आणतात. ती घुसळण. त्याला डीएएफ म्हणतात.

किती तुरटी, किती ॲसिड, हे कुठल्याच पुस्तकात तयार मिळत नाही, कारण रोजचं पाणी वेगळं. त्यासाठी जार टेस्ट. आमच्याकडे जार टेस्टचं सहा काचेच्या भांड्यांचं मशीन होतं, ते दोन वर्षांतच बंद पडलं आणि ‘बजेटमध्ये टाकलंय’ हे उत्तर पुढे सतरा वर्षं चाललं. मी घरून सहा काचेचे ग्लास आणले. प्रत्येकात टाकीतलं पांढरं पाणी, तुरटीचं द्रावण सिरिंजने एकेक मिली वाढवत न्यायचं आणि लाकडी पट्टीने ढवळायचं. पहिल्या दोन-तीन ग्लासांत काहीच होत नाही. चौथ्यात अचानक दूध नासावं तसं ते फाटतं. पांढऱ्या चिंध्या वर, खाली पिवळसर नितळ पाणी, पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येईल इतकं. सहाव्यात मात्र तुरटी जास्त झाली की पुन्हा गढूळ. म्हणजे डोस चौथ्या ग्लासाचा. एकतीस वर्षांत हा खेळ मी काही हजार वेळा केला असेल, पण चौथा ग्लास फाटताना बघायचा कंटाळा कधी आला नाही.

आता त्या निळ्या टाकीकडे येतो. कंपनीने एका सल्लागाराच्या सांगण्यावरून एकदा दोन फिल्टर घेतले. एक वाळूचा, प्रेशर सँड फिल्टर. त्यामागे कोळशाचा, ॲक्टिव्हेटेड कार्बन. सल्लागाराने कागदावर आत येणारं तेल ‘नगण्य’ धरलं होतं. ते कुठे मोजलं, हे मी विचारलं नाही. विचारायची माझी पायरी नव्हती, असं तेव्हा वाटायचं.

पहिले तीन महिने छान गेले. वाळूच्या फिल्टरला दोन प्रेशर गेज असतात, एक आत जाणाऱ्या पाण्यावर आणि एक बाहेर येणाऱ्या. वाळू मळाने भरत गेली की दोन्हींतला फरक वाढतो. आमच्याकडे तो अर्धा किलोच्या (चौरस सेंटिमीटरमागे) वर गेला की उलटं पाणी सोडून, म्हणजे बॅकवॉश करून, वाळू धुवायची असं ठरलेलं. चौथ्या महिन्यात फरक वाढायचाच थांबला. रोज तोच आकडा. सुपरवायझर खूश, म्हणाले, बघा मामा, फिल्टर सेट झाला. मला मात्र चैन पडेना. बॅकवॉशचं पाणी पूर्वी सात-आठ मिनिटं काळं यायचं, ते आता एका मिनिटात स्वच्छ येत होतं. एवढं तेल आत जातंय आणि धुतल्यावर काहीच निघत नाही, म्हणजे एक तर फिल्टर काही धरत नाही किंवा धरलेलं सोडत नाही.

एका रविवारी बंदमध्ये वरच्या झाकणाचे बोल्ट खोलले. आधी आतून वास आला, शिळ्या कूलंटचा, सडक्या अंड्यासारखा. बॅटरी मारली तर वाळू सपाट नव्हतीच. काळे गोळे. काही सुपारीएवढे, काही लिंबाएवढे, तेलाने चिकटून तिळाच्या लाडवासारखे घट्ट वळलेले. आणि एका कडेला, टाकीच्या भिंतीला लागून, हात जाईल एवढं भोक खालपर्यंत. पाण्याने आपला रस्ता शोधला होता. वाळूला हातही न लावता ते त्या भोकातून खाली जात होतं, म्हणून गेजवरचा फरक वाढत नव्हता. सुपरवायझर ज्याला फिल्टर सेट झाला म्हणत होते, तो मेलेला होता.

दोघा पोरांनी घमेल्याने ती वाळू काढली. दोन दिवस लागले. वाळू फावड्यावरून पडायची नाही, आपटून काढावी लागायची. मागचा कोळशाचा फिल्टर उघडला तर तो वरून ठीक दिसत होता. पण कोळशाची सगळी कमाई त्याच्या बारीक छिद्रांत असते आणि त्यांवर तेलाचा हात फिरला की ती बुजतात. ती बॅकवॉशने परत उघडत नाहीत. नवा कोळसा चार महिन्यांत गेला. माझ्या तेव्हाच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी ती रक्कम होती, हे मी स्टोअरच्या बिलावर पाहिलंय.

फिल्टर नकोतच असं कुणी समजू नये. फिल्टर लागतो, पण आपल्या जागी. तर्री आधी स्किमरने, म्हणजे वरचं तेल ओढून घेणाऱ्या यंत्राने, काढा, पांढरं पाणी वेगळ्या टाकीत फोडा, मग लिटरमागे उरलेल्या दहा-वीस-तीस मिलिग्रॅम तेलासाठी फिल्टर लावा. तेवढं काम तो आनंदाने करतो.

आणि वाळू हीच एक वस्तू नाही. तेलविहिरींवर पाण्यातलं तेल गाळायला अक्रोडाच्या टरफलांचा भुगा वापरतात. ऐकायला गंमत वाटते. घरी सांगितलं तर मंडळी म्हणाल्या, आम्हाला अक्रोड दिवाळीला पाव किलो आणि तुमच्या पाण्याला पोत्याने! पण त्यामागे कारण आहे. टरफल कठीण असतं, फारसं झिजत नाही, तेलाचा थेंब त्यावर टेकतो पण वाळूसारखा रुतून बसत नाही. बॅकवॉशच्या वेळी टरफलं एकमेकांवर जोरात घासली की तेल सुटतं. म्हणून तेच माध्यम वर्षानुवर्षं चालतं, झिजेल तेवढी थोडी भर घालायची. दुसरी एक खास चिकणमाती मिळते, रसायन लावून तेलाची ओढ दिलेली, ऑर्गॅनोक्ले. ती तेल शोषून घेते आणि भरली की फेकावी लागते, धुऊन परत येत नाही. ती कोळशाच्या आधी ठेवली तर कोळसा वाचतो. आम्हाला हे त्या सल्लागाराने सांगितलं असतं तर! असो.

पण टरफल काय किंवा माती काय, न फोडलेल्या कूलंटपुढे सगळे हतबल. त्याला गाळून अडवणारी एकच गोष्ट मी पाहिली, अल्ट्राफिल्ट्रेशनचा पडदा. त्याची छिद्रं मायक्रॉनच्या दहाव्या-शंभराव्या भागाची. पांढरं पाणी आत, नितळ पाणी बाहेर, डोळ्यांवर विश्वास बसत नाही. शेजारच्या कंपनीत सिरॅमिकचा बसवलाय, चांगला चालतो, कारण तिथे गरम कॉस्टिकने धुणारा माणूस तिन्ही पाळ्यांत आहे. दुसऱ्या एका ठिकाणी प्लॅस्टिकच्या पडद्याचा होता. तिथे फेस मारायला कुणीतरी टाकीत सिलिकॉनचं अँटिफोम ओतलं आणि पडदा कायमचा बसला. लाखो रुपयांची वस्तू दोन मग्यांत गेली.

साबणाचंही सांगायला हवं, कारण हे उघड कुणी बोलत नाही. टाकीवर तवंग दिसतोय आणि उद्या प्रदूषण मंडळाचे लोक नमुना घ्यायला येणार आहेत असं कळलं की रात्री त्यात डिटर्जंट ओततात. सकाळी तवंग गायब. तेल गेलेलं नसतं, त्याचा कूलंट झालेला असतो. जे पळीने निघालं असतं ते आता फोडल्याशिवाय निघणार नाही. मीही सुरुवातीच्या वर्षांत एकदा वरच्या साहेबांच्या सांगण्यावरून पाच किलोची पिशवी ओतली होती. त्यानंतर आठवडाभर जैविक टाकीत, जिथे जिवाणू पाण्यातली घाण खातात तिथे, फेसाचा डोंगर उभा राहिला आणि कंपाउंडवरून रस्त्यावर उडाला. आळंदीला इंद्रायणीवर फेस आला की आमच्या आळीत सगळे म्हणतात, कंपन्यांचं तेल. तेलाने फेस येत नाही. फेस येतो साबणाने, डिटर्जंटने आणि प्रक्रिया न केलेल्या मैलापाण्याने, आणि त्यात घरांचाही वाटा असतो. पण तेल लपवायला ओतलेला साबण त्यात आहेच आहे, हे मी ओतणारा म्हणून सांगतो.

आता नमुन्याचं. पर्यावरण संरक्षण नियम १९८६चे. त्यांतल्या सर्वसाधारण मानकांप्रमाणे नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात तेल-ग्रीस लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर नको, गटाराच्या लाइनला सोडायचं तर २०. दहा मिलिग्रॅम म्हणजे किती? एक लिटर तेल नव्वद हजार लिटर पाण्याला या मर्यादेपर्यंत नेतं, म्हणजे दहा हजार लिटरचे नऊ टँकर. इतकी बारीक मोजणी, आणि नमुना मात्र कैक वेळा पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या प्लॅस्टिक बाटलीत भरताना पाहिलाय. तेल प्लॅस्टिकला चिकटतं. लॅबमध्ये पाणी ओतलं जातं, तेल बाटलीच्या आतल्या अंगाला राहतं, आकडा येतो सहा. नमुना काचेच्या रुंद तोंडाच्या बाटलीत घ्यायचा, त्यात ॲसिड घालून पीएच दोनच्या खाली न्यायचा, आणि तपासताना अख्खी बाटली वापरून ती आतून हेक्झेनने, म्हणजे तेल विरघळवणाऱ्या द्रवाने, विसळून घ्यायची, अशी पद्धत आहे. एकदा नमुना न्यायला आलेल्या मुलाला मी काचेची बाटली पुढे केली. तो म्हणाला, काका, फुटली तर माझ्या पगारातून जाईल. त्याचंही खरं होतं.

म्हणून माझी सूचना साधी आहे. तपासणीला येणाऱ्यांनी बाटली भरण्याआधी स्टोअरमध्ये जावं. कारखान्याने वर्षाला २१० लिटरचे किती बॅरल तेल आणि कूलंट विकत घेतलं ते बघावं. मग वापरलेलं तेल आणि तेलकट गाळ किती बाहेर गेला ते मॅनिफेस्टवर, म्हणजे घातक कचरा नेताना भरायच्या कागदावर, बघावं. घातक कचऱ्याच्या २०१६च्या नियमांत वापरलेलं तेल, सांडपाण्यावरून काढलेलं तेल-ग्रीस आणि प्लँटचा रासायनिक गाळ यांना वेगवेगळे क्रमांक आहेत. तेल नोंदणीकृत रिसायकलरला आणि गाळ आमच्या भागातून रांजणगावच्या घातक कचरा केंद्रात जायला हवा. काही तेल पार्टवरून जातं, काही बोरिंगच्या चिप्सना लागून भंगारात जातं, हे सगळं मान्य. पण चाळीस बॅरल आत आणि बाहेर एकही नाही असं असेल तर पाण्याचा नमुना तपासायची गरजच काय? शिवाय वाळू-कोळसा शेवटचा कधी बदलला त्याचं बिल मागावं. फिल्टर बसवल्याचं बिल सगळे दाखवतात, फ्रेम करून लावतील. बदलल्याचं बिल मागून बघा.

ते नसेल तर झाकण उघडायला लावावं. मूठभर वाळू घ्यायची, काचेच्या ग्लासात गरम पाणी आणि चमचाभर धुण्याचा सोडा, त्यात टाकून ढवळायची. वर तेलाचं कडं धरलं तर समजायचं. लॅब नको, दोन मिनिटं पुरतात. बॅकवॉशचा पाइप कुठे जातो तेही बघावं. फिल्टर तेल खात नाही, नुसतं धरून ठेवतो आणि बॅकवॉशला परत देतो. ते पाणी पहिल्या टाकीत यायला पाहिजे. पावसाळी नाल्यात काढून दिलेले पाइप मी डोळ्यांनी पाहिलेत.

मोठ्या कंपन्यांवर इतकं लिहिलं, पण भोसरीत त्यांच्याहून जास्त संख्या गाळ्यांची आहे. तीन लेथ, एक सीएनसी, मालक स्वतःच ऑपरेटर. त्याच्याकडे ईटीपी नसतो आणि त्याला तो परवडणारही नाही. दोनशे लिटरच्या एका मशीनचं कूलंट शनिवारी संध्याकाळी दारातल्या गटारात सोडलं की काम झालं. त्यात पाच टक्क्यांनी दहा लिटर सोल्युबल ऑइल. त्यात अर्धंच खरं तेल धरा, पाच लिटर. वरच्या हिशेबाने पंचेचाळीस टँकर. एका गाळ्यातलं, एका शनिवारचं. त्या माणसाला नोटीस देऊन काय होणार? तो रात्री सोडेल. त्याच्या दारात आठवड्याला एकदा टँकर यावा, लिटरमागे परवडेल असे पैसे घेऊन पांढरं पाणी घेऊन जावा आणि एका जागी ते फोडावं. ओला-सुका कचरा न्यायला घंटागाडी दारात येते, तशी कूलंटला का येऊ नये? फोडायचं तंत्र तुरटी आणि चुन्याचं आहे, त्यात परदेशातून आणायचं काही नाही.

शेवटी ऑपरेटरबद्दल, स्वार्थ म्हणा हवं तर. बहुतेक ठिकाणी तो कंत्राटी असतो. तोच बागेला पाणी घालतो, तोच कँटीनचा पंप चालू करतो, आणि रजिस्टरमध्ये आठवड्याचे पीएच सोमवारीच लिहून ठेवतो, सात पॉइंट दोन, सात पॉइंट चार, सात पॉइंट दोन. माझ्या जागेवर आलेला मुलगा हुशार आहे, आयटीआय केलेला. निवृत्त होताना मी त्याला माझे सहा ग्लास देऊन आलो. परवा बाजारात भेटला. एक फुटला म्हणाला, पण पाचवर भागतं.

तुमच्या बातमीदाराला हे बघायचं असेल तर दुपारी, सगळे बूट घालून तयार असताना, पाठवू नका. सकाळी सहाला पाठवा, रात्रपाळी सुटायच्या आधी. बॅकवॉश त्याच वेळी करतात, आणि नाल्यावरच्या पुलावर उभं राहिलं की कुठला पाइप वाहतोय ते सरळ दिसतं. मी रोज सकाळी तिथून फिरायला जातो. सोबत येईन.

आपला,
एक निवृत्त ईटीपी ऑपरेटर
इंद्रायणीनगर, भोसरी
(नाव छापू नये, ही विनंती.)